अप्पांची वही आणि 'ॲ' हे अक्षर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर गॅसची शेगडी नेली, आईची पैठणी नेली, रेशनकार्ड, टीव्ही, धान्याचे डबे नेले. अप्पांच्या तीन वह्या खालच्या फडताळात राहिल्या. पाणी ओसरल्यावर मी त्या बाहेर काढल्या तेव्हा पानांचा लगदा झाला होता. शाई निळ्या डागांसारखी पसरली होती, एकही ओळ वाचता येत नव्हती. अप्पा दारात उभे राहून बघत होते. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "तू टाइप केलं हुतंस की."

केलं होतं, वीस वर्षांपूर्वी. पण ती फाइल उघडत नाही, हे मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं.

अप्पा एस.टी.त ड्रायव्हर होते. कोल्हापुरातून निघायचं, राधानगरी, दाजीपूर मागे टाकायचं, फोंडा घाट उतरून कणकवलीला जायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच घाट चढून परत यायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. निवृत्तीनंतर त्यांनी तीन दोनशेपानी वह्या भरल्या. आत्मचरित्र हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. "रस्त्याचं लिवलंय," एवढंच म्हणायचे. पावसात दरड आली की रात्र कशी काढायची, ब्रेक तापल्याचा वास कसा ओळखायचा, वस्तीच्या गाडीला कुठल्या गावात कोण भाकरी आणून द्यायचं, असलं सगळं.

१९९९ च्या उन्हाळ्यात मी शाहूपुरीतल्या एका डीटीपी सेंटरमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. रात्री दुकान बंद झाल्यावर मालक चावी देऊन जायचे आणि मी अप्पांची वही उघडायचे. मालकांनी आणखी एक गोष्ट मागे ठेवलेली असायची, ती म्हणजे डोंगल. काडेपेटीएवढा तो तुकडा संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसवल्याशिवाय मराठी फॉण्टचं सॉफ्टवेअर चालू व्हायचं नाही. एरवी मालक रात्री जाताना तो खिशात घालून घरी न्यायचे. दुकानातली सगळ्यात महाग वस्तू तीच होती.

पहिल्याच पानावर अडलं. अप्पांनी लिहिलं होतं, 'ॲक्सल तुटला.' आमच्या फॉण्टमध्ये 'ॲ' नव्हता. आधी अ टाकायचा, मग न्युमरिक पॅडवर आकडे दाबून अर्धचंद्र आणायचा, मग पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्निंग करून, म्हणजे अक्षरांमधलं अंतर कमी करून, तो अ च्या डोक्यावर सरकवायचा. लग्नपत्रिकेत असा प्रसंग क्वचित येतो. ड्रायव्हरच्या वहीत तो पानोपानी येतो. ॲक्सल, ॲक्सिडेंट, ॲडव्हान्स, ॲम्बॅसिडर, ॲसिड. प्रत्येक ठिकाणी मी अर्धचंद्र हाताने बसवला. गवंडी वीट बसवतो तसा, डोळ्यांनी ओळंबा धरून.

त्या काळचे मराठी फॉण्ट कसे चालायचे, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. मी 'घाट' लिहायचे तेव्हा संगणकाच्या लेखी मी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच टाइप करत असायचे. फॉण्टने त्या अक्षरांवर मराठी चित्रांची सोंगं चढवलेली असायची. पडद्यावर घ दिसायचा, बटर पेपरवर घ छापून यायचा, पण फाइलच्या पोटात घ नावाचं काही नसायचं. आणि कुठल्या चिन्हावर कुठलं सोंग, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. एकीचा क तो दुसरीचा ष. सांगलीच्या प्रेसला फाइल पाठवली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुठला फॉण्ट?" मजकूर काय आहे, हे नंतर.

यावर उपाय नव्हता असं नाही. भारतीय लिप्यांसाठी एकच सांकेतिक पद्धत असावी म्हणून इस्की हे मानक १९९१ मध्ये ठरलेलं होतं आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत त्यावर जिस्ट या तंत्रज्ञानाचं मोठं काम झालं होतं. पण छपाईच्या बाजाराला हवी होती पेजमेकरमध्ये सुरेख बसणारी अक्षरं, आणि ती देणाऱ्या कंपन्यांना हवं होतं गिऱ्हाईक बांधून ठेवणं. एकदा पतसंस्थेचे दहा वर्षांचे अहवाल एका फॉण्टमध्ये केले की ती पतसंस्था आणि तो छापखाना त्या फॉण्टला कायमचे बांधले जात. मला तेव्हा हे नाव माहीत नव्हतं, पण ती आमच्या गल्लीतली प्लॅटफॉर्मची, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं चालतं त्या पायाची, लढाईच होती.

त्याच सुमाराला मोठी लढाई अमेरिकेत चालू होती. तिथल्या न्याय खात्याने मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला होता. नेटस्केपचा ब्राउझर वाढला तर लोक ब्राउझरमध्येच सगळं काम करतील आणि खाली विंडोज आहे की आणखी काही, याने फरक पडणार नाही, ही मायक्रोसॉफ्टला भीती होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये न्यायमूर्ती थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी आपले निष्कर्ष मांडले. ते मी बऱ्याच वर्षांनी वाचले आणि वाचताना शाहूपुरीतलं दुकान डोळ्यांपुढे येत राहिलं. माणसं विंडोज घेतात ती त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, आणि प्रोग्रॅम लिहिणारे विंडोजसाठी लिहितात कारण माणसं तिथे आहेत. हे चक्रच नव्या येणाऱ्यापुढची भिंत होतं. विंडोजसाठी सत्तर हजारांवर प्रोग्रॅम होते. आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीच्या ओएस/२ साठी अडीच हजारांच्या आसपास. एवढा पैसा असून आयबीएमला ती भिंत चढता आली नाही.

आमच्या दुकानाला सत्तर हजार प्रोग्रॅमशी काही देणंघेणं नव्हतं. एकच पुरे होता. २००१ मध्ये मालकांचा पुतण्या पुण्याहून विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सच्या सीडी घेऊन आला. फुकट, व्हायरस नाही, जुन्या मशीनवरही पळतं. रविवारभर बसून त्याने एका मशीनवर ते बसवलं आणि खरंच सगळं चाललं. मग मालकांनी डोंगल लावला. तो ओळखलाच नाही. संध्याकाळी विंडोज ९८ परत आलं. जॅक्सनसाहेबांच्या कागदांत मराठी फॉण्टचा उल्लेख असणं शक्य नाही, पण त्यांनी वर्णन केलेल्या भिंतीला आम्ही त्या रविवारी हात लावून पाहिला होता. खटल्याचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश जून २००० मध्ये निघाला, पुढच्या जूनमध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला, मक्तेदारी टिकवण्यासाठी गैरमार्ग वापरल्याचा ठपका मात्र कायम राहिला.

पण मला त्या खटल्याइतकीच महत्त्वाची वाटते ती एक शांत घटना. विंडोज २००० मध्ये मंगल नावाचा फॉण्ट आला. तो र. कृ. जोशींनी केला होता. कवी, सुलेखनकार, आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारे र. कृ. मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेत बसून त्यांनी देवनागरीची अक्षरं विंडोजसाठी घडवली. मंगलच्या अक्षरांखाली सोंग नव्हतं. त्याच्याखाली युनिकोड होतं, जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारा तक्ता. त्या तक्त्यात देवनागरीला स्वतःचं घर मिळालेलं होतं, आणि ते घर आपल्या इस्कीच्याच आराखड्यावर बांधलेलं होतं. घ चा क्रमांक जगात कुठेही, कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर, तोच.

विंडोज एक्सपीवर ते चालू करायला कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागायची आणि मग एक्सपीची मूळ सीडी घालावी लागायची. मी ते पहिल्यांदा केलं तो दिवस मला आठवतो. नोटपॅड उघडलं, त्या साध्या पांढऱ्या खिडकीत 'फोंडा घाट' लिहिलं, आणि मग शोधाच्या चौकटीत 'घाट' टाकलं. त्याने शोधून काढलं. मी पुन्हा शोधलं, पुन्हा सापडलं. सात वर्षं मी मराठी टाइप करत होते आणि यंत्राला ती पहिल्यांदा मराठी म्हणून समजली होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी हाक मारून ते दाखवलं. तिने दोनदा 'घाट' शोधला आणि मग स्वतःचं नाव लिहून ते शोधलं.

मग सगळं फोनकडे वळलं. अप्पांकडे तेव्हा नोकियाचा ११०० होता, टॉर्चवाला. स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरकडे तोच असायचा. वरच्या किमतीच्या नोकियांमध्ये सिंबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम असायची, जिचं काम १९९८ मध्ये सायन ही ब्रिटिश कंपनी, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी एकत्र येऊन उभं केलं होतं, मुख्यतः मायक्रोसॉफ्टने संगणकात केलं ते फोनमध्ये करू नये म्हणून. आपण ज्याला घाबरतो तो समोरच्या दारानेच येईल असं त्यांना वाटत होतं. आले ते दुसरेच दोघे.

इथे मला तारखा मांडल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडची ५.१ ही आवृत्ती आली आणि तिच्यात मराठीसाठी एक अक्षर नव्याने सामील झालं, ॲ. स्वतंत्र अक्षर म्हणून, स्वतःच्या क्रमांकासह. त्याच वर्षी जुलैत ॲपलने आपलं ॲप स्टोअर उघडलं, पाचशे ॲप्सनिशी. सप्टेंबरमध्ये पहिला ॲण्ड्रॉइड फोन जाहीर झाला. ॲपल, ॲप, ॲण्ड्रॉइड. पुढची पंधरा वर्षं जे तीन शब्द मराठी माणूस रोज उच्चारणार होता, ते लिहायला लागणारं अक्षर आणि ॲप स्टोअर, ॲण्ड्रॉइड फोन ही सगळी एकाच वर्षात अवतरली. हा योगायोगच, पण मी तो विसरू शकत नाही. नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेतही जागा दिली. ज्या अर्धचंद्रासाठी मी रात्र-रात्र कर्निंग केलं होतं, त्याला आता कायमचा पत्ता होता.

ॲप स्टोअर आलं तेव्हा भिंतीचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा त्यावर बाहेरच्यांना ॲप टाकताच येत नव्हतं. वर्षभराने दार उघडलं, पण उंबऱ्यावर ॲपल स्वतः बसली. कुठलं ॲप आत येईल, ते कंपनी ठरवणार. गूगलने उलट रस्ता धरला. ॲण्ड्रॉइडचा गाभा खुला ठेवला, जो फोन बनवेल त्याला फुकट दिला, आणि आपली खरी मिळकत, म्हणजे शोध, नकाशे, व्हिडिओ, दुकान, त्या गाभ्याला चिकटवली. दोन्ही वाटांनी शेवटी तेच जॅक्सनवालं चक्र फिरू लागलं.

आणि मराठी? २०१० च्या आसपास त्या काळच्या बहुतेक स्मार्टफोनांवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. चौकोन गेले तर वेलांट्या सुट्या पडायच्या, जोडाक्षरं फाटून पाय मोडलेल्या अक्षरांसारखी उभी राहायची. त्या काळात एक युक्ती आम्हा मराठी वाचणाऱ्यांमध्ये तोंडोतोंडी फिरली. ऑपेरा मिनी उतरवायचा, पत्त्याच्या पट्टीत 'ऑपेरा कोलन कॉन्फिग' लिहायचं, यादीच्या तळाशी जायचं आणि अवघड लिप्यांसाठी चित्रफॉण्ट वापरायचा पर्याय चालू करायचा. मग मराठी मजकूर ऑपेराच्या सर्व्हरवर चित्र होऊन फोनवर यायचा. मी निदान तीस जणांच्या फोनवर हे करून दिलं असेल, त्यात एक आमचे दूधवाले होते. त्यांना मुंबईच्या मुलाने पाठवलेल्या मराठी बातम्या वाचायच्या होत्या. पण मला आत कुठेतरी टोचायचं. पुन्हा चित्र. पुन्हा सोंग. दहा वर्षांनी आपण परत डोंगलच्या काळात आलो की काय.

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन एलप यांचं कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र बाहेर फुटलं. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरीच्या जळत्या फलाटावरून थंडगार पाण्यात उडी घेणाऱ्या माणसाची गोष्ट त्यांनी सांगितली होती, आणि आपण तसेच जळत्या फलाटावर उभे आहोत असं म्हटलं होतं. प्रतिस्पर्धी आपला बाजार एखाद्या फोनने खात नाहीत, फोनभोवतीच्या अख्ख्या पसाऱ्याने खातात, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खरा होता. काही दिवसांतच ११ फेब्रुवारीला नोकियाने सिंबियन सोडून मायक्रोसॉफ्टचं विंडोज फोन धरल्याचं जाहीर केलं.

मी ही बातमी अप्पांना वाचून दाखवली होती. नोकिया म्हटलं की ते कान द्यायचे. प्लॅटफॉर्म म्हणजे काय, हे सांगताना मी फलाट असं म्हटलं. ते हसले नाहीत, विचारात पडले. म्हणाले, "फलाट कुणाचा का असंना. आमच्या स्टँडवर चार नंबरची गाडी सात नंबरला लागली तर माणूस आपलं बोचकं उचलून जातोय की पळत. बोचकं त्याचंच ऱ्हातंय." मी त्यावर काही बोलले नाही. तेव्हाच पहिल्यांदा मला अप्पांची फाइल असलेल्या, कपाटातल्या सीडीची आठवण होऊन पोटात कालवलं.

विंडोज फोन मला फार आवडला होता, हे मोकळेपणी सांगते. २०१३ मध्ये लुमिया ५२० दहा हजारांच्या आसपास मिळायचा. त्याच्या त्या सपाट, हलत्या चौकटी, ठळक अक्षरं, कमी ताकदीच्या यंत्रावरही न अडखळणारी चाल. कुणीतरी मनापासून, नव्याने विचार करून ती वस्तू केली होती. देवनागरीही त्यावर स्वच्छ दिसायची. चांगली वस्तू हरते तेव्हा मला वाईट वाटतं, आणि ही हरलेली वस्तू चांगली होती. ती हरली तीही भिंतीपाशीच, फक्त या वेळी मायक्रोसॉफ्ट भिंतीच्या बाहेर उभी होती. इन्स्टाग्राम उशिरा आलं, स्नॅपचॅट आलंच नाही. यूट्यूबचं ॲप गूगलने केलं नाही म्हणून मायक्रोसॉफ्टने स्वतः केलं, तर त्यात जाहिराती दिसत नाहीत आणि व्हिडिओ उतरवता येतात म्हणून मे २०१३ मध्ये गूगलने ते मागे घ्यायला लावलं. ऑगस्टमध्ये सुधारून आणलं तर पुन्हा अडवलं. शिवाय विंडोज फोन ७ च्या फोनांना ८ वर जाता आलं नाही. ज्यांनी सुरुवातीला विश्वास टाकला होता तेच मागे राहिले.

एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. चेन्नईजवळच्या श्रीपेरुम्बुदूरचा नोकियाचा कारखाना या व्यवहाराबाहेर राहिला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. या लढाईतला मला सगळ्यात सलणारा प्रसंग हाच. कुठला प्लॅटफॉर्म जिंकला यावर परीक्षणं लिहिली जातात. हजारो हातांनी जिथे फोन जोडले, तिथली शेवटची पाळी कशी संपली असेल, हे मी अनेकदा मनात आणून पाहिलं आहे. पुढल्या वर्षी मायक्रोसॉफ्टने त्या खरेदीपोटी साडेसात अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बुडीत म्हणून लिहून टाकली. २०१९ मध्ये बिल गेट्स यांनी जाहीरपणे कबूल केलं की ॲण्ड्रॉइडची जागा मायक्रोसॉफ्टला मिळवता आली नाही ही आपली सर्वांत मोठी चूक. आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचा नवा फोन आणला तो ॲण्ड्रॉइडवर चालणारा.

पुरानंतर मी ती सीडी काढली. सुदैवाने ती वरच्या मजल्यावर, लग्नाच्या अल्बममध्ये ठेवलेली होती. पेजमेकर ६.५ ची फाइल. पेजमेकर केव्हाच संपलेलं. ज्या कंपनीचा फॉण्ट होता तिचा जुना डोंगल आजच्या कुठल्याच संगणकाला लावता येत नाही, ते पोर्टच उरलेलं नाही. तीन वेळा फोन केले. नवीन आवृत्ती विकत घ्या, पण तिच्यात तुमची जुनी फाइल उघडेलच असं नाही, असं उत्तर मिळालं. माझ्या बापाने लिहिलेला आणि माझ्या बोटांनी टाइप केलेला मजकूर वाचायला मला तिसऱ्याची परवानगी लागत होती, आणि तो तिसरा ती द्यायलाही आता असमर्थ होता. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

शेवटी दुकानातल्या जुन्या सहकाऱ्याकडे इनडिझाइनची एक जुनी आवृत्ती निघाली, जिच्यात पेजमेकरची फाइल उघडते. मजकूर बाहेर आला. इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा, टिंबांचा नुसता भुसा. हाच तो अप्पांचा घाट.

असा भुसा युनिकोडमध्ये फिरवणारी छोटी साधनं हौशी लोकांनी करून ठेवलेली आहेत. त्यातलं एक मी वापरलं. ऐंशी टक्के काम क्षणात झालं आणि उरलेल्याला चार महिने लागले. कारण जुन्या फॉण्टमध्ये आम्ही जसं दिसतं तसं टाइप करायचो. 'किनारा' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, मग क. युनिकोडमध्ये जसं उच्चारतो तसं, क आधी, वेलांटी नंतर. 'मार्ग' मधला रफार आम्ही ग च्या नंतर वर ठेवायचो. युनिकोडला तो ग च्या आधी हवा. प्रत्येक रफार उचलून मागे न्यायचा. आणि मग तो अडेलतट्टू मराठी र. दऱ्या, दुसऱ्या गिअरमध्ये, वाऱ्याने, किनाऱ्याला. हिंदीत हा र नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या साधनाने सगळीकडे 'दर्या' आणि 'दुसर्या' करून टाकलं होतं. घाटाच्या पुस्तकात दऱ्यांचा दर्या झाला तर काय उरलं? मी एकेक दरी हाताने परत खणली.

आणि माझे ते हाताने बसवलेले अर्धचंद्र? ते सगळे अ पासून सुटून ओळीत भलतीकडेच पडले होते. शोधून, उचलून, प्रत्येकाच्या जागी मी एकच अक्षर टाकत गेले. ॲ.

त्या चार महिन्यांत रात्री बसल्याबसल्या मी पुष्कळ वाचलं. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट एकमेकींना कोर्टात खेचत असतानाही युनिकोडच्या मंडळात शेजारी-शेजारी बसतात. देवनागरीची जोडाक्षरं पडद्यावर नीट जुळवणारं हार्फबझ नावाचं एक खुलं सॉफ्टवेअर आहे. इराणात जन्मलेल्या बेहदाद एस्फाहबोद यांनी ते वाढवलं, आणि आज ॲण्ड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस अशा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या घरांत तेच राबतं. त्या नावातला हर्फ म्हणजे आपण 'एक हरफ काढला नाही' म्हणतो तोच, अक्षर. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेले लोहित फॉण्ट, आयआयटी मुंबईत केलेला स्वरचक्र हा कीबोर्ड, हीही त्याच जातीची कामं. फायरफॉक्स ओएस तर फोनच्या बाजारात दोन-तीन वर्षांत हरलं, पण त्याचा खुला गाभा घेऊन काईओएस उभं राहिलं आणि २०१७ पासून जिओफोनच्या रूपाने आपल्या खेड्यापाड्यांत पोचलं. विंडोज फोनच्या बाबतीत असं काही होऊ शकलं नाही. तो बंद झाला तो सगळा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने ॲण्ड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोनसोबत आपली ॲप्स लादल्याबद्दल. दंड योग्यच होता असं मला वाटतं. पण अशा सगळ्या निवाड्यांत माणूस आत कसा येतो याची चर्चा होते. तो बाहेर पडताना काय घेऊन जाऊ शकतो, हा प्रश्न मला तितकाच मोठा वाटतो, कारण मी चार महिने त्याच्यापायी बसले होते.

तिसरी वही मी १९९९ मध्ये अर्धीच टाइप केली होती. दुकान सोडलं, लग्न झालं, राहून गेलं. तो अर्धा भाग पंचगंगेने नेला. आता अप्पा त्र्याऐंशीचे आहेत, लिहिताना हात कापतो. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून संध्याकाळी मी त्यांच्यासमोर फोन धरते, कीबोर्डवरचा माईक दाबते आणि ते सांगतात. हा आवाज दूर कुठल्या कंपनीच्या यंत्रात जाऊन अक्षरं होऊन परत येतो, हे मला माहीत आहे. म्हणून रोज रात्री मी तो मजकूर उचलून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते, तीन ठिकाणी.

कोल्हापुरी बोली त्या यंत्राला अजून जड जाते. 'हुतं' चं कधी 'होतं' करतं, कधी 'हूट'. पण काल अप्पा म्हणाले, "तर त्या रात्री ॲक्सल तुटला," आणि पडद्यावर आलं, तर त्या रात्री ॲक्सल तुटला. अर्धचंद्रासकट, एका झटक्यात. मी फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. ते अक्षर त्यांच्या दृष्टीने तिथे असायलाच हवं होतं, त्यामुळे ते फक्त मान हलवून पुढे बोलू लागले.

ही रात्र पहिल्या वहीत आहे. भुशातून मीच ती काढली आहे. तिथे एकच ओळ आहे, 'ॲक्सल तुटला व गाडी रात्रभर घाटात उभी राहिली.' काल ते तिच्यावर अर्धा तास बोलले. फोंड्याची एक म्हातारी गाडीत होती, बाजार करून परत निघालेली. धुकं आलं, थंडी वाढली, तशी तिने आपलं घोंगडं काढून ड्रायव्हरच्या अंगावर टाकलं आणि स्वतः रात्रभर पोत्यावर बसून राहिली. एवढं सांगून अप्पा गप्प झाले. खिडकीबाहेर बघत बसले. थोड्या वेळाने माईकची खूण आपोआप विझली.

"थांबला काय त्यो?"

"थांबलाय. परत लावू का, अप्पा?"

"लाव. घोंगड्याचं ऱ्हायलंय अजून."